‘वय मागं नेणारा’ डबा: आमच्या घरातल्या तिघांचा तीन महिन्यांचा अनुभव

आधीच सांगते, रिव्ह्यू लांब आहे, पण ज्यांच्या घरात सत्तरीच्या पुढचं माणूस आहे त्यांनी मधेच सोडू नका. कोल्हापुरात आता दोन-तीन ठिकाणी असे डबे चालू झालेत, मी ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांचं नाव देत नाही, कारण चूक त्यांची होती तशी माझीही होती, आणि मला कुणाचा धंदा बसवायचा नाही, मला फक्त एवढंच पाहिजे की आमच्या आबांचं जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या आबांचं होऊ नये.

तर पॅकेज असं होतं, तीन महिने, दिवसाला दोन डबे, सकाळी अकराच्या आत एक आणि संध्याकाळी साडेपाचला एक, सातनंतर तोंडात काही घालायचं नाही, दर पंधरा दिवसांनी वजन-कंबर मोजायला सेंटरला जायचं आणि तिथं समुपदेशक बाई तुमच्याशी बोलणार. माणशी महिना साडेसहा हजार, तिघं घेतलं तर अठरा. मी ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, वय ४७. मिस्टर ५१, दुकानात दिवसभर बसून, शुगर काठावर आलेली. आणि सासरे, आबा, ७३ वर्षांचे. आबा तरुणपणी तालमीतले, खासबागेच्या मैदानात कुस्त्या केलेला माणूस, अजूनही पहाटे साडेपाचला उठून रंकाळ्याला अर्धी फेरी मारून येणार म्हणजे येणार. आत्याबाई (सासूबाई) गेल्यापासून तिघंच घरात, मुलगी पुण्याला शिकायला, त्यामुळं म्हटलं वेगवेगळा स्वयंपाक कोण करत बसणार, तिघांचाही डबा लावून टाकू. इथंच चुकलं, पण ते पुढं सांगते.

पहिल्यांदा जेवणाबद्दल, कारण जेवण खरोखर चांगलं होतं आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच पाहिजे. डाएटचा डबा म्हटलं की उकडलेला दुधीभोपळा डोळ्यासमोर येतो, तसं अजिबात नाही. सकाळच्या डब्यात ज्वारीच्या दोन पातळ भाकऱ्या, पालेभाजी (चाकवत, अंबाडी, तांदळी, मेथी, रोज वेगळी), मोडाच्या कडधान्याची उसळ, कोशिंबीर आणि ताक. मसाला आपलीच कांदा-लसूण चटणी, हात आखडता न घेता घातलेली, तेल मात्र मोजून. बुधवारी आख्ख्या मसुराची आमटी असायची ती तर हायवेवरच्या ढाब्याला मागं टाकेल अशी. संध्याकाळी नाचणीची आंबील नाहीतर हुलग्याचं माडगं, सोबत मुगाची दोन धिरडी आणि हिरव्या मिरचीचा खरडा. माडगं मी माहेर सोडल्यापासून प्यायले नव्हते, पहिल्या गुरुवारी डबा उघडला आणि वासानंच आजीची चूल आठवली. साखर, गूळ, मैदा, बेकरी, सगळं बंद. डबे स्टीलचे, प्लॅस्टिक कुठंच नाही, धुवून परत द्यायचे. पोरगा वेळेवर यायचा, तीन महिन्यांत दोनदाच उशीर झाला, एकदा तर पंचगंगेला पाणी वाढून रस्ता बंद होता त्यामुळं ते मी धरत नाही.

आता मुख्य गोष्ट. हे लोक नुसता वजन कमी करायचा डबा विकत नाहीत, ‘वय मागं नेणारा’ म्हणून विकतात. त्यांच्या पत्रकावर एम-टॉर, ऑटोफॅजी, सर्ट्युइन असे शब्द छापलेत, आणि पहिल्या भेटीत समुपदेशक बाईंनी मला सांगितलं की उंदरांना ४० टक्के कमी खायला घातलं तर ते इतके जास्त जगतात, त्या हिशेबानं माणूस ११० वर्षं सहज जगेल. मी शिकवते ते हेच, त्यामुळं मला माहीत होतं की यातलं अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असलं की माणूस लवकर विश्वास ठेवतो.

खरं काय आहे ते माझ्या पद्धतीनं सांगते. माझं माहेर करवीर तालुक्यातलं, घरचं गुऱ्हाळ होतं. हंगामात ऊस यायला लागला की चरक थांबत नाही, चुलवाण विझत नाही, काहिलीवर काहिली उतरते, गुळाच्या ढेपा पडत राहतात, आणि त्या दिवसांत साफसफाईला कुणालाच सवड नसते. मळी साचते, चिपाडांचे ढीग पडतात, चरकाचे दात झिजतात, पण ऊस दारात उभा आहे तोवर कोण बघणार. ऊस थांबला की मग सगळं उतरवून घासायचं, झिजलेलं बदलायचं, चुलवाण लिंपायचं. पेशीचं अगदी असंच असतं. एम-टॉर नावाचं प्रथिन पेशीत बसून बघत असतं की माल आला का, खास करून अमिनो आम्लं, त्यातही ल्युसिन, जे दूध-मटण-अंड्यात भरपूर असतं. माल आला की ते हुकूम देतं बांधा, वाढा. इन्सुलिन आणि आयजीएफ-१ ही हार्मोन्सही त्यालाच दुजोरा देतात. माल थांबला की एम-टॉर गप्प बसतं, आणि चुलवाणात किती जाळ शिल्लक आहे यावर लक्ष ठेवणारं दुसरं प्रथिन, एएमपीके, ते जागं होतं, आणि मग पेशी आपलाच मोडका-तोडका माल गोळा करून मोडीत काढते, त्यातून नवं करते. हीच ऑटोफॅजी. ती कशी चालते हे यीस्टमध्ये शोधून काढल्याबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं. आपण सकाळी उठल्यापासून रात्री अकरापर्यंत चहा-बिस्कीट-शेव-भेळ असं काही ना काही चालूच ठेवतो म्हणजे गुऱ्हाळ बारा महिने चालू, घासायला दिवसच नाही.

आणि हे कागदावरचं नुसतं नाही. १९३५ साली कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांना पोषण पुरेसं पण उष्मांक कमी असं खायला दिलं आणि ते जास्त जगले. १९९३ ला सिंथिया केनयन यांनी दाखवलं की एका बारीक कृमीतलं डाफ-२ हे एक जनुक, जे इन्सुलिनसारख्या संदेशाचं काम बघतं, ते बिघडवलं की कृमी दुप्पट जगतो. आणि रापामायसिनची गोष्ट तर मी वर्गात दरवर्षी सांगते, ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं औषध, ज्याच्यावरून टॉरला टॉर हे नाव पडलं (टार्गेट ऑफ रापामायसिन), आणि ते शोधणारे सुरेंद्रनाथ सहगल, आपल्या पंजाबात फाळणीआधी जन्मलेला माणूस, कंपनीनं काम बंद केलं तेव्हा जिवाणूच्या कुप्या घरच्या फ्रीझरमध्ये सांभाळून ठेवल्या. २००९ मध्ये ते औषध ६०० दिवसांच्या, म्हणजे आपल्या हिशेबानं साठीच्या आसपासच्या उंदरांना दिलं तर माद्यांचं आयुष्य १४ टक्के आणि नरांचं ९ टक्के वाढलं. पोरं कान टवकारून ऐकतात. पण डब्याच्या पत्रकावर ‘रापामायसिनसारखा परिणाम’ असं छापलेलं मला अजिबात पटलं नाही. ते किडनी बदललेल्या पेशंटला प्रतिकारशक्ती दाबायला देतात, भाकरी-उसळीची त्याच्याशी बरोबरी करायचं कारण काय? भाकरी-उसळीला तिची स्वतःची किंमत आहे की.

आता निकाल. मिस्टरांचा निकाल उत्तम. ८४ किलोवरून ७८, कंबर तीन इंच कमी, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ६.२ वरून ५.८, आणि दुपारी दुकानात गल्ल्यावर बसून डुलक्या येत होत्या त्या बंद. त्यांचं शरीर म्हणजे हातपाय काडीसारखे आणि पोट पुढं, बघणारे म्हणायचे तुम्ही कुठं जाड आहात? हीच तर आपल्या लोकांची गोम. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी-शेजारी छापला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचं माप) सारखाच २२.३, पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. वजनकाटा बघून आपण सुखात राहतो आणि आत चरबी साठत असते. अशा माणसाला, चाळिशी-पन्नाशीत, संध्याकाळी लवकर जेवण आणि मापात खाणं हे औषधासारखं लागू पडतं, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही. मिस्टर तर पहिल्या पंधरवड्यात रोज रात्री नऊला स्वयंपाकघरात घिरट्या घालायचे, नंतर तेच म्हणायला लागले की रात्री पोट हलकं असलं की झोप चांगली लागते.

माझा निकाल मधला. ६४ वरून ६०, गुडघे हलके वाटतात, पण दुसऱ्या महिन्यापासून हातपाय गार पडायला लागले, जूनमध्ये मी वर्गात स्वेटर घालून उभी. हे कमी खाण्यात होतं, अंगाचं तापमान थोडं उतरतं, शरीर जाळ कमी करून ठेवतं. ती काळजीची गोष्ट नाही, दुसरी एक आहे. अमेरिकेत कॅलरी नावाचा प्रयोग झाला, लठ्ठ नसलेल्या माणसांनी दोन वर्षं २५ टक्के कमी खायचं ठरवलं, प्रत्यक्षात जमलं १२ टक्क्यांच्या आसपास. त्यांचं बीपी सुधारलं, कोलेस्टेरॉल सुधारलं, म्हातारं होण्याचा वेग रक्तावरून मोजायची जी एक पद्धत आहे तिच्यात २ ते ३ टक्के मंदावला असं २०२३ मध्ये आलं. चांगलंच आहे. पण त्याच लोकांच्या कमरेच्या आणि मणक्याच्या हाडांची घनताही थोडी उतरली. माझं पाळीचं वय संपत आलेलं, हाडांची झीज तशीही चालू होणार, अशा बाईला हे कुणीतरी पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं. मला कुणी सांगितलं नाही, मी स्वतः नंतर शोधलं आणि आता आठवड्यातून तीनदा वजनं उचलते, दूध-नाचणी वाढवलीय.

आता आबा.

आबांचा खुराक मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. सकाळी गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध, बदामाची थंडाई, बुधवार-रविवार मटण. कुस्ती सुटली पण खुराक सुटला नाही असे बरेच पैलवान आपल्याकडं आहेत आणि त्यांचे हाल मी बघितलेत, शुगर, बीपी, गुडघे. पण आबांनी साठीनंतर स्वतःच कमी केलेलं, तूप बंद, दूध एक पेला, मटण मापात, त्यांचं सगळं छान बसलेलं होतं. सेंटरनं पहिल्याच दिवशी दूध, अंडी, मटण बंद करायला लावलं, म्हणे हे सगळं एम-टॉर पेटवतं, वय वाढवतं. आणि तिघांना एकच डबा, तेवढाच, चौदाशे उष्मांकांचा. ५१ वर्षांच्या पोट सुटलेल्या माणसाला जो डबा तोच ७३ वर्षांच्या, पोट नसलेल्या माणसाला.

आबा बोलणारे नाहीत. तिसऱ्या आठवड्यात एकदा म्हणाले, “सूनबाई, भूक ऱ्हाती गं जरा.” मी म्हटलं, आबा, सवय होईल, थोडे दिवस दम धरा. हे वाक्य मला अजून टोचतं. नंतर ते काही बोललेच नाहीत. रंकाळ्याची फेरी छोटी झाली, खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकायला लागले, लोणच्याच्या बरणीचं झाकण त्यांनी एकदा गुपचूप माझ्याकडं सरकवलं, ज्या माणसानं आयुष्यभर घरातली झाकणं उघडली त्यानं. मी बघत होते आणि वय झालंय म्हणून सोडून देत होते. उलट वजन कमी झालं की सेंटरच्या ग्रुपवर टाळ्या पडायच्या, ७४ वरून ६९.५, शाब्बास आबा.

आखाडात टेंबलाईची जत्रा असते, आमच्या गल्लीतनं पंचगंगेचं नवं पाणी घेऊन वाजत-गाजत जातात, पी-ढबाकच्या तालावर आबा दरवर्षी पुढं. यंदाही गेले, टेकडीच्या पायऱ्यांच्या मध्यावर आले आणि मटकन खाली बसले. चक्कर. लोकांनी धरलं, पाणी दिलं, रिक्षात घालून घरी आणलं. मला म्हणाले, “काय न्हाई गं, पायातच जोर न्हाई.” त्या दिवशी मी रात्रभर झोपले नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडं. पहिली गोष्ट निघाली बीपीची. खाणं घटलं, वजन उतरलं, मीठ कमी झालं, की बीपी आपोआप खाली येतं, पण आबांची बीपीची गोळी तीच चालू, म्हणून उभं राहिलं की बीपी एकदम पडायचं. गोळीचा डोस कमी केला. ज्यांच्या घरी बीपीच्या किंवा शुगरच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी असला कुठलाही डबा लावायच्या आधी डॉक्टरांना विचारा, शुगरवाल्यांनी तर नक्कीच. आणि दुसरी गोष्ट फिजिओथेरपिस्टनं काढली. हाताची पकड मोजायचं यंत्र असतं, आबांची पकड २४ किलो. आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरवलेलं माप असं की पुरुषाची पकड २८ च्या खाली गेली तर स्नायूंची ताकद कमी झालीय असं धरायचं. हात न टेकता खुर्चीतून पाचदा उठ-बस करायला सांगितलं, १७ सेकंद लागले. त्याच मापात १२ किंवा जास्त लागले की धोक्याची खूण. साडेचार किलो जे गेलं होतं ते पोटावरचं नव्हतं, मांड्यांचं होतं.

मी मग त्या रात्री किचनच्या काट्यावर डब्यातला एकेक पदार्थ तोलून हिशेब केला, तीन दिवस केला, प्रथिनं दिवसाला ३८ ते ४२ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं माप धडधाकट माणसाला किलोमागं ०.८३ ग्रॅम, म्हणजे ७४ किलोच्या आबांना निदान ६१ पाहिजे, आणि म्हातारपणाचा अभ्यास करणारे लोक तर १ ते १.२ सांगतात, म्हणजे ७४ ते ८९. आम्ही त्यांना त्याच्या निम्मं घालत होतो, तेही सातनंतर तोंड बांधून.

यातली खरी मेख अशी की मधल्या वयात जे शहाणपण आहे तेच उतारवयात नुकसान करू शकतं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या सहा हजारांवर लोकांचा एक अभ्यास आला. ५० ते ६५ वयात भरपूर प्रथिनं खाणाऱ्यांत मृत्यू आणि कॅन्सर जास्त दिसले, विशेषतः प्रथिनं प्राण्यांकडून येत असतील तर, आणि ६५ च्या पुढं चित्र उलटं, प्रथिनं जास्त खाणारे जास्त टिकले. हा निरीक्षणातला अभ्यास आहे, त्याच्यावरून कायदा करता येत नाही, पण त्याच्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. वय वाढलं की आयजीएफ-१ आपोआप उतरतं, आणि म्हाताऱ्या स्नायूला प्रथिनांची हाक नीट ऐकू येत नाही, तरुणाला एका वाटीत जे काम होतं त्याला म्हाताऱ्याला दोन वाट्या लागतात. तिथं एम-टॉर थोडं पेटायलाच पाहिजे, नाहीतर रोज झिजणारा स्नायू भरून कसा निघणार? गुऱ्हाळाची साफसफाई करायची ती पुढच्या हंगामासाठी, ऊसच लावायचा बंद केला तर घासून-पुसून ठेवलेल्या चरकाचं करायचं काय?

आणि तो कॅलरी प्रयोग, ज्याचं नाव पत्रकावर ठळक होतं, त्यात घेतलेली माणसं २१ ते ५० वयाची. ७३ वर्षांचा एकही माणूस त्यात नव्हता. उंदरांचं सांगायचं तर २०२४ मध्ये ९६० माद्यांवर मोठा प्रयोग झाला, मुद्दाम वेगवेगळ्या जनुकांच्या, म्हणजे माणसांसारख्याच एकमेकींपेक्षा निराळ्या. सगळ्यांत कमी खाणाऱ्या गटाचं सरासरी आयुष्य पोटभर खाणाऱ्यांपेक्षा बरंच वाढलं, २५ महिन्यांवरून ३४, पण त्या कमी खाणाऱ्यांतही ज्यांचं वजन सगळ्यांत कमी घटलं त्याच जास्त जगल्या, जनुकांचा वाटा आहारापेक्षाही मोठा निघाला. म्हणजे ग्रुपवर वजन उतरलं की टाळ्या वाजवायच्या हे मुळातच चुकीचं. शिवाय प्रयोगशाळेतल्या उंदराला टेंबलाईच्या पायऱ्या चढायच्या नसतात आणि पावसाळ्यात फ्लूही होत नाही. मुद्दाम फ्लूची लागण केली तेव्हा कमी खाल्लेले म्हातारे उंदीर जास्त मेले, हेही लिहिलेलं आहे.

माकडांचं तर आणखी बोलकं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनला २००९ मध्ये आलं की कमी खाणारी माकडं जास्त टिकतात, २०१२ मध्ये अमेरिकेच्याच सरकारी संस्थेतल्या प्रयोगात आलं की फरक नाही. मग दोन्हीकडचं खाणं तपासलं तर विस्कॉन्सिनच्या पोटभर खाणाऱ्या माकडांच्या अन्नात साखरच पाव हिश्शाच्या वर होती, दुसरीकडं अगदी थोडी, आणि तिथल्या माकडांना मुळातच मोजून खायला मिळत होतं. म्हणजे आधीच नीट खाणाऱ्याला आणखी कापून फार काही मिळालं नाही. मिस्टर विस्कॉन्सिनवाले, आबा दुसरीकडचे. एकाच डब्याचे दोन निकाल का लागले ते मला हे वाचून नीट उमगलं.

सेंटरचं वागणं. मी पहिला फोन केला तेव्हा समुपदेशक बाई म्हणाल्या, “मॅडम, सुरुवातीला अशक्तपणा येतोच, शरीर डिटॉक्स होतंय.” सात आठवडे झाले होते, सुरुवात कसली? मी सरळ मालकीणबाईंचा नंबर मागितला. त्यांनी ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवशी स्वतः घरी आल्या, आबांच्या पाया पडल्या, उरलेल्या दिवसांचे आबांचे पैसे न मागता परत दिले. माणूस म्हणून मला त्या आवडल्या. पण फॉर्मवर अजूनही वय नुसतं लिहून घेतात, त्यावरून डबा बदलत नाहीत, चालू गोळ्यांचा रकानाच नाही, हे मी त्यांना लिहून दिलंय आणि परत परत सांगणार आहे. आणि ती कॅप्सूल, एनएमएन म्हणून, चोवीसशेची डबी दर भेटीत पुढं करतात. एनएमएनपासून शरीर एनएडी बनवतं, पेशीला ऊर्जेच्या कामात लागणारा रेणू, वयाबरोबर ते कमी होतं आणि सर्ट्युइनना (पेशीच्या डागडुजीत मदत करणाऱ्या प्रथिनांना) ते लागतं इथपर्यंत ठीक, पण ती गोळी खाऊन माणूस जास्त जगला असं कुणी दाखवलेलं नाही. घेऊ नका. त्या पैशात महिनाभराची अंडी येतात.

आबांचं आता कसं चाललंय ते सांगते, बरेच जण विचारतात. सकाळी फिरून आले की दोन अंडी आणि एक पेला दूध, घरी उकळून. दुपारी भाकरी, घट्ट उसळ, वाटीभर दही. बुधवार-रविवार मटण, रस्सा वरवरचा न देता फोडी मोजून. रात्री सातला मुगाची खिचडी किंवा माडगं, वर शेंगदाण्याची चटणी. प्रत्येक जेवणात पंचवीस-तीस ग्रॅम प्रथिनं बसतील असं बघते, एकाच वेळी सगळं घातलं तर उपयोग कमी. आणि नुसतं खाऊन भागत नाही, स्नायूला काम द्यावंच लागतं, म्हणून फिजिओनं बैठका दिल्या, खिडकीचा गज धरून, आधी पाच मग दहा. आबांचे तालमीतले जुने सोबती संध्याकाळी येऊन बसतात आणि मोजतात. आठ आठवड्यांनी वजन ७१.५, पकड २६, पाच उठ-बस साडेबारा सेकंदांत. अजून २८ गाठायचंय, उठ-बस १२ च्या आत आणायचीय. परवा लोणच्याची बरणी मी मुद्दाम त्यांच्याच समोर ठेवली.

एक राहिलंच. आमच्या शेजारच्या जैन काकू, वय ७०, त्यांचा चौविहार असतो, सूर्य मावळला की अन्न-पाणी बंद, आयुष्यभर. त्यांना हे पॅकेजचं सांगितलं तर म्हणाल्या, ह्याला पैसे कशाला? त्यांच्या ताटात मात्र दिवसा डाळ, ताक, दूध भरपूर असतं, ते आपण बघत नाही. आणि आपली एकादशी, साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर केळ्याचं शिकरण, त्या दिवशी इन्सुलिनला उलट जास्तच काम. उपास करायचा तर मग तो पोटाचा होऊ दे, आमच्या आजीचा चातुर्मासात एकवेळ जेवायचा तसा. पण आजीही पंचाहत्तरीला आल्यावर घरच्यांनी तिला रात्री दूध-भाकरी कुस्करून द्यायला सुरुवात केली होती, हे मला आत्ता लिहिताना आठवलं.

तर जेवणाला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, वेळेला चार, सल्ल्याला दीड. सध्या मिस्टरांचे दोन्ही डबे चालू आहेत, माझा फक्त दुपारचा, त्यात मी घरचं एक उकडलेलं अंडं आणि दही वाढवून घेते. आबांचा बंद. तुम्ही लावणार असाल तर महिन्याभराचाच लावा, तीन महिन्यांचे पैसे आधी भरू नका, आणि साठी ओलांडलेल्या माणसाचा लावायचा असेल तर आधी खुर्चीतून पाचदा उठायला सांगून घड्याळ बघा. गुरुवारी माडगं असतं, त्या दिवशी एक डबा जादा सांगितला तर देतात, आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करायला लागतो. आबांसाठी तेवढं मी अजून मागवते.